जुन्या गाडीचा लाल रंग: नेमका कुठल्या दिवसाचा जुळवायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. वडिलांची १९९४ची हिरो होंडा सीडी १००, एमएच १५ पासिंग, लाल. बरीच वर्षं पिंपळगाव बसवंतला द्राक्षबागेवर राबली, आता नाशिकला तुमच्याकडे आली. टाकीचा रंग मूळचा, पण वरून फिका आणि हात फिरवला की भुकटी लागते. डावं साईड पॅनल मूळचं आहे. उजवं तुटलं म्हणून बाजारातलं प्लास्टिकचं बसवलं, पेंटरनं तयार डब्यातला लाल मारून दिला आणि आता ते टाकीशेजारी विटेसारखं दिसतं. पेंटर म्हणतो, "पूर्ण गाडीच मारून घ्या, सगळं एकसारखं होईल." तुम्ही विचारताय की कंपनीच्या रंगाचा कोड कुठे मिळेल आणि पेंटरचं ऐकावं का.

मी सत्तावीस वर्षं स्प्रे गन धरतोय. सुरुवात सातपूर एमआयडीसीत जॉबवर्कच्या शॉपमध्ये झाली. तिथे दिवसभर पत्र्याच्या कपाटांवर एकच करडा रंग मारायचा. नंतर स्वतःचं छोटं बूथ टाकलं आणि दुचाक्यांच्या टाक्यांत अडकलो तो कायमचा. त्या अनुभवावर सांगतो: कोडचं नंतर बघू. आधी हे ठरवा की तुम्हाला कुठल्या दिवसाचा लाल हवाय. गाडी शोरूममधून बाहेर पडली त्या दिवसाचा, की आज टाकीवर आहे तो? हे दोन वेगळे रंग आहेत. कोड मिळाला तरी तो पहिल्याचा असणार, तुमच्या टाकीवर आहे दुसरा, आणि पेंटरनं मारलाय तिसराच. रंग जुळत नाही अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण या तिघांच्या गोंधळात सापडलेले असतात.

तीस वर्षांच्या उन्हानं लाल रंगाचं दोन प्रकारे नुकसान होतं. रंगाच्या कणांना धरून ठेवणारा चिकटा वरच्या थरात मरतो, कण मोकळे होतात आणि बोटाला लाल भुकटी लागते. हे वरवरचं आहे, घासून निघतं. दुसरं म्हणजे काही रंगद्रव्यं स्वतःच उडतात. ते मात्र कितीही घासलं तरी परत येत नाही. तुमच्या टाकीचं यातलं काय किती झालंय, ते इथे बसून सांगता येणार नाही. पण दहा मिनिटांत तुम्हाला घरीच कळेल.

जुना पांढरा बनियन घ्या, त्यावर थोडं रबिंग कंपाउंड घ्या आणि टाकीच्या मागच्या अंगाला, सीटला लागून, तळहाताएवढी जागा हातानंच घासा. मशीन लावू नका आणि टाकीच्या कडांवर, उंचवट्यांवर जाऊ नका. तिथे रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो आणि क्षणात प्रायमर दिसायला लागतो. आता कापड बघा. कापडाला लाल लागला, तर वर लॅकर (रंगावरचा पारदर्शक, चमकदार थर) नाही, रंग हाच शेवटचा थर आहे. कापड मळकट झालं पण लाल झालं नाही, तर वर लॅकरचा थर आहे. ही माहिती पुढे फार उपयोगी पडते, लिहून ठेवा. मग तो घासलेला तुकडा झाकलेल्या जागेशी ताडून बघा. टाकीचं जे टोक सीटखाली जातं त्यावर ऊन कधी पडलेलं नसतं, बॅज स्क्रूचा असेल तर त्याच्याखालीही नाही आणि डाव्या पॅनलच्या आतल्या बाजूच्या कडेलाही नाही. शोरूमच्या दिवसाचा लाल तो. घासलेला तुकडा त्याच्या जवळपास आला, तर तुमची टाकी मेलेली नाही, फक्त वरून वाळलीय.

बऱ्याच टाक्या अशाच निघतात. म्हणून माझं पहिलं मत: टाकी रंगवू नका. घासून, पॉलिश करून तिचा लाल वर आणा आणि त्या लालाशी एकटं उजवं पॅनल जुळवा.

पेंटर पूर्ण गाडी मारायला सांगतो त्यात त्याचा लबाडपणाच असतो असं नाही. पूर्ण गाडी मारली की जुळवायचं काही उरतच नाही. त्याला तो सोपा मार्ग आहे, तुम्हाला महाग. पैसे सोडा, कारखान्यात टाकीच्या पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग प्रायमर, मग रंग, आणि तो साधारण १३० ते १४० अंशाच्या भट्टीत भाजला जातो. आमच्या बूथमध्ये फार तर साठ-सत्तर अंश मिळतात, तेही सगळ्यांकडे नाही. मी कितीही चांगला टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग) मारला तरी तो हार्डनरनं पिकलेला रंग असतो, भट्टीत भाजलेला नाही. टिकतो, चांगला टिकतो, पण एकदा का मूळ थर पॉलिश पेपरनं खरवडला की तो पुन्हा कुणालाच लावता येत नाही. शिवाय वडिलांचे गुडघे तीस वर्षं टेकून टाकीच्या दोन्ही बाजू गुळगुळीत झाल्या असतील. ते मी घासून टाकायला सहसा तयार होत नाही, गिऱ्हाईक मागे लागलं तरी.

माझं मत बदलेल अशी कारणंही आहेत. रंगाखाली फुगे आलेत आणि टोकरल्यावर आत गंज निघतोय. लॅकर पापुद्र्यासारखं सुटतंय. टाकी खालून पाझरतेय. किंवा टाकीवर आधीच कुणी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारलाय आणि तुम्हाला ठाऊक नाही. हे शेवटचं तपासायला छोटं लोहचुंबक कागदात गुंडाळून टाकीवरून फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे पत्रा आणि चुंबक यांच्यामध्ये लांबी आहे. यातलं काही निघालं तर पूर्ण रंगाचा विचार करा. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता जुळवणीकडे येऊ. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: उजवं आणि डावं पॅनल कुणालाही एका वेळी दिसत नाही. त्यामुळे उजवं पॅनल डाव्याशी जुळायची गरजच नाही, ते टाकीशी जुळलं पाहिजे. आणि टाकीशीही कसं? टाकी आणि पॅनल यांच्यामध्ये फट आहे, सीटची कड आहे, दोघांचा उतार वेगळा आहे, प्रकाश दोघांवर वेगळा पडतो. डोळा अशा ठिकाणी थोडा फरक माफ करतो. टाकी पत्र्याची, पॅनल प्लास्टिकचं. दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीनं आणि बहुधा वेगवेगळ्या दिवशी रंगलेली. मूळ गाडीतही दोघांत केसाएवढा फरक असायचाच. मोटारीच्या दाराला मध्येच टच-अप मारायचा म्हणजे नवा रंग जुन्याला थेट चिकटून असतो, तिथे सुटका नाही. तुमचं काम त्या मानानं सोपं आहे. डोळा माफ करत नाही तो फरक म्हणजे अंगाचा.

अंग म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमचं पॅनल विटेसारखं दिसण्याचं कारण तेच असावं. प्रत्येक लाल कुठल्या तरी बाजूला झुकलेला असतो. एक पिवळ्या अंगाचा, म्हणजे शेंदराकडे जाणारा. दुसरा निळ्या अंगाचा, म्हणजे चेरीकडे, मरूनकडे जाणारा. दुकानात मिळणारा तयार लाल कुठल्या तरी चालू मोटारीचा असतो. तो पिवळ्या अंगाचा आणि तुमची टाकी निळ्या अंगाची असेल, तर दोन्ही सुटे सुटे छान दिसतील आणि शेजारी ठेवले की भांडतील. गडद-फिक्याचा फरक डोळा सोसतो, अंगाचा सोसत नाही. आणि हा फरक काळा टाकून मारायचा नसतो. लालात काळा गेला की रंग तपकिरी पडतो, मरतो. पांढरा गेला की गुलाबी, दुधाळ होतो. शेंदरी लाल निळ्या अंगाला न्यायचा तर मरून किंवा किरमिजी टिंट थेंबाथेंबानं घालायचा. तुमच्या पेंटरनं डबा उघडून तसाच मारला असणार. त्यानं तुमची टाकी बघून दोन थेंब जरी घातले असते तरी तुम्हाला मला विचारायची वेळ आली नसती.

म्हणून तयार डबा नको. मोटारींचे रंग मिक्स करून देणारी दुकानं आपल्याकडे आहेत. तिथे टिंटिंग मशीन असतं आणि फॉर्म्युला हरभऱ्याएवढ्या थेंबापर्यंत तोलून बनवतात. काहींकडे रंग वाचणारा कॅमेराही असतो. पॅनल मोकळं असेल तर पॅनल न्या, पण मी म्हणेन गाडीच घेऊन जा, टाकीसकट. मात्र आधी टाकीचा तो तुकडा पॉलिश करून न्या. भुकटी साचलेल्या जागेवर कॅमेरा ठेवला तर तो भुकटीचा रंग वाचतो आणि तुम्हाला फिका लाल बनवून मिळतो. कॅमेऱ्याला टेकायला सपाट जागाही लागते, आणि टाकी गोल. कॅमेरा जो फॉर्म्युला देतो तो सगळ्यात जवळचा असतो, तंतोतंत नाही. तिथून पुढे डोळ्यानंच काम करायचं.

कोडचं म्हणाल तर, जपानी घडणीच्या बऱ्याच गाड्यांवर सीटखाली किंवा चेसिसवर रंगाचं लेबल असायचं. तुमच्या गाडीवर सापडलं आणि वाचता आलं तर उत्तमच. मला नव्वदच्या दशकातल्या गाड्यांवर वाचण्याजोगं क्वचितच सापडलंय. आणि सापडलं तरी मी वर म्हटलं तेच, तो १९९४चा लाल. सुरुवात म्हणून चांगला, शेवट म्हणून नाही.

फार तर पाव लिटर रंग बनवून घ्या, दोन पॅनल आणि चाचण्यांना पुरून उरतो. शंभर मिलीच बनवायचा मोह टाळा. एवढ्याशा मापात एक थेंब कमी-जास्त झाला तरी शेड सरकते, आणि उद्या पॅनलला पुन्हा चरा पडला तर तोच डबा हाताशी असलेला बरा. दुकानदाराकडून फॉर्म्युल्याची चिठ्ठी मागून घ्या आणि आरसीच्या पाकिटात ठेवा.

आता माझी फजिती सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या रात्री एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं पॅनल जुळवत बसलो होतो. दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून त्याला सकाळी हवीच होती. बूथमध्ये दोन ट्यूबलाईट. रात्री अकराला शेड अशी बसली की मीच खूश. सकाळी तो झेंडूचा हार घेऊन आला, गाडी उन्हात काढली, आणि आम्ही दोघंही गप्प. ट्यूबलाईटखाली जुळे भाऊ वाटणारे दोन लाल उन्हात एकमेकांचे कुणी लागत नव्हते. त्यानं हार घातला, पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत आणून दिली. मला एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

असं का होतं? दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असले तर एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. कारखान्याच्या लालात कुठली द्रव्यं होती आणि मिक्सिंगच्या दुकानात कुठली आहेत यावर ते अवलंबून. तेव्हापासून मी तीन जागी बघितल्याशिवाय गनला हात लावत नाही: सकाळी दहाच्या सुमारास सावलीत, मग थेट उन्हात, आणि संध्याकाळी एलईडीखाली. तिन्हीकडे जुळलं तर सोनंच. नाही जुळलं तर सावलीतलं जुळलेलं धरायचं, कारण गाडी बहुतेक वेळा दिवसाच बघितली जाते. फक्त भर दुपारच्या उन्हात बघून निर्णय घेऊ नका, तेव्हा सगळेच लाल भडक दिसतात.

चाचणी कागदावर नको, आणि ओला रंग बोटानं लावून तर अजिबात नको. रंग वाळताना सरकतो, साधा लाल बहुधा थोडा गडद होतो. माझी पद्धत अशी: भांडी बाजारातून स्वस्तातले स्टीलचे चमचे आणून ठेवलेत. चमचा फुगीर असतो, टाकीसारखा, त्यामुळे प्रकाश तसाच वळतो. त्यावर पॅनलवर मारणार तोच प्रायमर, रंगाचे तेवढेच हात (म्हणजे थर), तेवढ्याच अंतरावरून, तीच गन. वाळला की टाकीवर ठेवायचा आणि दोन पावलं मागे जायचं. माझ्या बूथमध्ये भिंतीला दोनशेच्या वर रंगीत चमचे टांगलेत. बायको म्हणते खानावळ काढा.

चमच्यावर तोच प्रायमर हवा याचं कारण लालाच्या स्वभावात आहे. लाल झाकत नाही. काळा किंवा करडा एका-दोन हातांत खालचं सगळं झाकून टाकतो, लाल मात्र तीन-चार हात मारले तरी खालचा रंग थोडा वर पाठवतो. पांढऱ्या प्रायमरवर तो भडक आणि शेंदरी दिसतो, गडद करड्यावर खोल आणि थंड. तुमच्या पेंटरनं पांढऱ्या प्रायमरवर दोन हात मारून सोडलं असेल, तर विटेचा निम्मा दोष तिथलाच. मी निळ्या अंगाच्या लालाखाली मध्यम करडा सरफेसर (पृष्ठभाग एकसारखा करणारा प्रायमर) वापरतो आणि मग पातळ चार हात, प्रत्येकाच्या मध्ये रंगाची ओली चमक जाईपर्यंत थांबून. एकदाच जाड मारून झाकायला गेलात की ओघळ ठरलेला.

तुमची टाकी साध्या लालाची आहे असं मी धरून चाललोय. उन्हात डोळा टाकीजवळ नेऊन बघा, आत अभ्रकासारखे बारीक कण चमकले तर हिशोब बदलतो. मेटॅलिकमध्ये गनचा हात हीच अर्धी शेड असते: ओला हात मारला की कण खाली बसतात आणि रंग गडद दिसतो, कोरडा मारला की वर राहतात आणि फिका दिसतो. त्याच डब्यातला रंग दोन पेंटरांच्या हातून दोन रंगांचा निघतो. तसं असेल तर सांगा, त्याचं वेगळं लिहीन.

कापडाची चाचणी आठवते? ती आता कामाला येते. टाकीला लॅकर नसेल तर पॅनललाही लॅकर देऊ नका. बेस आणि वर लॅकर असं न करता थेट चमकणारा टू-के पीयू मारून घ्या. नाहीतर शेड जुळूनही पॅनल ओलं-ओलं, काचेसारखं दिसतं आणि शेजारची जुनी टाकी मऊ चमकीची, आणि बघणाऱ्याला वाटतं रंगच वेगळा आहे. चमकेतला फरक डोळा रंगातला फरक म्हणूनच वाचतो. मी काम झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ देतो, मग नवं पॅनल २००० नंबरच्या वॉटर पेपरनं हलकं मारून हातानं पॉलिश करतो, टाकीच्या चमकेला येईपर्यंतच. नव्या रंगाची चमक मुद्दाम उतरवायची म्हटलं की पेंटरांना अपमान वाटतो. तुम्ही हट्ट धरा.

बाजारातल्या नव्या प्लास्टिक पॅनलला साच्यातून सुटावं म्हणून तेलकट पदार्थ लागलेला असतो. आधी भांड्याच्या साबणानं आणि कोमट पाण्यानं धुवा. मागच्या बाजूला एबीएस किंवा पीपी अशी अक्षरं, म्हणजे प्लास्टिकचा प्रकार, छापलेली असतात. एबीएस असेल तर रंग चांगला धरतो, पण कडक थिनरनं पुसू नका, त्यानं बारीक चिरा पडतात. पीपी असेल तर प्लास्टिकसाठीचा खास पातळ प्रायमर लागतोच, नाहीतर वर्षभरात नखानं रंग सालीसारखा निघेल. आता त्यावर जुन्या पेंटरचा रंग आहे. तो घट्ट बसलाय का हे ब्लेडनं बारीक चौकटी पाडून, वर चिकटपट्टी लावून, झटक्यात ओढून बघा. पट्टीबरोबर रंग आला तर तो सगळा काढावा लागेल. नाही आला तर ४०० नंबरनं घासून त्यावरच सरफेसर चालतो.

आणि पिंपळगावचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण बागेवर राबलेल्या गाड्या आम्हाला वेगळाच त्रास देतात. बोर्डोचे, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे डाग टाकीवर असतील तर ते पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओल्या कापडानं भिजवून काढा. सुके खरवडू नका. पण खरं दुखणं डोळ्यांना न दिसणारं आहे. फवारणीत औषध पानावर पसरावं म्हणून जे स्प्रेडर घालतात, त्यातल्या बऱ्याच स्प्रेडरमध्ये सिलिकॉन असतं. गाडी वर्षानुवर्षं फवारणीच्या ट्रॅक्टरशेजारी उभी राहिली की ते सगळीकडे बसतं. सिलिकॉनवर ओला रंग टिकत नाही, तो मागे सरतो आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. गाडीवर चमक यावी म्हणून मारायच्या स्वस्त पॉलिशनंही हेच होतं. निफाड, दिंडोरीकडून आलेल्या गाड्यांवर मला पहिली काही वर्षं हे खड्डे का पडतात तेच कळत नव्हतं. मी कॉम्प्रेसरच्या तेलाला दोष देत दोनदा फिल्टर बदलले!

उपाय साधा आहे, पण क्रम चुकला की वाया. घासायच्या आधी साफ करायचं. आधी साबणपाणी, मग पेंटच्या दुकानात मिळणारं तेल-मेण काढायचं द्रावण, दोन कापडांनी: एकानं ओलं लावायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं उचलायचं. कापडं बदलत राहायचं. आधी पॉलिश पेपर मारलात तर तुम्ही ते सिलिकॉन ओरखड्यांमध्ये रगडून बसवलंत असं समजा. घासून झाल्यावर पुन्हा एकदा तेच पुसणं.

हवेचं थोडक्यात. पावसाळ्यात हवेतला ओलावा रंगात अडकून रंग पांढरट पडतो, एनसी रंगाला (हार्डनरशिवाय, नुसता थिनर उडून वाळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या रंगाला) तर हमखास. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे जी थंडी पडते तिच्यात हार्डनर झोपतो, रंग वरून वाळल्यासारखा वाटतो आणि आतून मऊ राहतो. त्या दिवसांत दुपारी मारावं. एप्रिल-मेमध्ये थिनर गनमधून पॅनलपर्यंत पोचायच्या आतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो, तेव्हा सावकाश वाळणारा थिनर घ्यावा. मला विचाराल तर दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे आणि फेब्रुवारी-मार्च.

हे गच्चीवर स्वतः करायचा विचार असेल तर घासणं, साफ करणं, पॉलिश, हे सगळं जरूर करा. खर्चातला मोठा वाटा त्याच मजुरीचा असतो. पण टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते छातीत बसतं. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही. काडतुसवाला मास्क आणि हवा खेळती नसेल तर शेवटचे चार हात पेंटरलाच मारू द्या.

टाकीही रंगवावीच लागली, तर दोन-चार गोष्टी पेंटरशी आधी बोलून घ्या. टाकी पूर्ण भरून एक रात्र कागदावर ठेवा. कागदावर डाग पडला तर आधी गळती, मग रंग. रंगवल्यावर पाझरलेलं पेट्रोल नव्या रंगाखाली शिरतं आणि सगळं फुगवतं. गळती बुजवायला रिकाम्या टाकीला कथलाचा डाग देताना कुणी ज्योत लावत असेल तर ताबडतोब थांबवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक, आत वाफ भरलेली असते. सँडब्लास्टिंगनं पातळ पत्रा वाकतो आणि वाळू आत जाते, मी टाकीला रासायनिक रिमूव्हरच वापरतो. पावडर कोटिंग चेसिसला उत्तम, टाकीला नको. भट्टी १८० अंशाच्या आसपास असते, त्यात जुनी लांबी सुटते, कथलाचा डाग पाझरतो, आणि शेडही ठरावीक तक्त्यातलीच मिळते. रंग एनसीचा चालणार नाही, पेट्रोल सांडलं की विरघळतो. आता पंपावर मिळतं त्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं तर आणखी लवकर. पीयू मारल्यावरही पहिले सात-आठ दिवस टाकीत पेट्रोल भरू नका. आणि स्टिकर रंगकामाच्या आधी हातात असू द्या. जुन्या स्टिकरवर बटर पेपर ठेवून कडा गिरवून घ्या, कुठल्या कडेपासून किती मिलिमीटर तेही लिहा. टाकी रंगल्यावर "साधारण इथे होतं" म्हणत लावलेलं स्टिकर आयुष्यभर तिरकं दिसतं.

आरटीओचं विचारलं नाहीत, पण सांगतो. आरसीवर रंग लिहिलेला असतो. लालाचा लालच राहिला तर काही प्रश्न नाही. हौसेनं काळी-निळी केलीत तर आरसीवर बदल करून घ्यावा लागेल, नाहीतर पुढच्या फेरनोंदणीला पेठ रोडला गाडी दाखवायला नेली की तिथे अडेल.

आधी ती बनियनची चाचणी करा. घासलेल्या तुकड्याचा आणि सीटखालच्या टोकाचा एकत्र दिसेल असा फोटो काढा, सकाळी, सावलीत, फ्लॅश बंद ठेवून. आणि उजव्या पॅनलच्या पाठीवर एबीएस आहे की पीपी ते बघा. एवढं कळवलंत की प्रायमर कुठला घ्यायचा आणि दुकानात जाऊन काय मागायचं ते नेमकं सांगतो.